काटकसरीचे बिल उशिरा येते

शेअर बाजार कोसळला की त्याचा आकडा त्याच संध्याकाळी घरोघर पोहोचतो. बँक बुडाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात रांग लागते. आर्थिक संकटामुळे वाढलेला क्षयरोग मात्र असा लगेच दिसत नाही. त्याचा आकडा समोर यायला कधी दहा, कधी पंधरा वर्षे लागतात. तोवर ते संकट विस्मरणात गेलेले असते, खर्चाला कात्री लावणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात आणि वाढलेल्या रुग्णांचे खापर दुसऱ्याच कशावर तरी फुटते.

आर्थिक संकट आणि संसर्गजन्य रोग यांचे नाते तपासणाऱ्या ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३० अभ्यासांत संकटकाळात संसर्गजन्य रोगांची स्थिती बिघडल्याचे आढळले. म्हणजे संबंध आहे आणि तो बळकट आहे. पण तो अटळ नाही, हेही त्याच आढाव्यातून दिसते. काही देश मंदीतून गेले, बेकारी वाढली, तरी साथी पसरल्या नाहीत. मग काही ठिकाणी पसरल्या त्या का, हे समजून घेतले पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. श्रीमंत देशांत मंदीच्या वर्षांत एकूण मृत्युदर कधी कधी थोडा खाली येतो. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर रूम यांनी २००० साली अमेरिकेच्या आकडेवारीवरून हे दाखवले. कारण साधे आहे. काम कमी झाले की रस्त्यावरची वाहने कमी होतात आणि अपघाती मृत्यूही घटतात. पण जंतूंचा हिशेब वेगळा असतो. त्यांना गर्दीची घरे, रिकामी पोटे आणि अर्धवट सोडलेले उपचार लागतात. संकटात या तिन्ही गोष्टी वाढतात.

पैशापासून जंतूपर्यंत

क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात या रोगाचे जंतू कधी ना कधी शिरलेले असतात. बहुतेकांच्या बाबतीत ते आयुष्यभर निपचित पडून राहतात. साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच पुढे रोग होतो. निपचित जंतू जागा होण्यामागे शरीराची प्रतिकारशक्ती ढासळणे हे मुख्य कारण असते आणि ती ढासळण्याचे जगभरातले सर्वांत मोठे कारण आहे कुपोषण.

आता कमावत्या माणसाची नोकरी गेली असे धरा. ताटातून आधी डाळ, दूध, अंडी जातात. भात आणि चपाती राहते. भाडे परवडत नाही म्हणून दोन कुटुंबे एका खोलीत येतात. खोकला लागला तरी दवाखान्यात जाणे पुढे ढकलले जाते, कारण एक दिवस दवाखान्यात म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. ज्यांना पूर्वी खासगी डॉक्टर परवडत होता, तेही सरकारी रुग्णालयाकडे वळतात. बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग लांबते आणि नेमक्या त्याच वर्षी रुग्णालयाचे अनुदान घटते. घरातली तंगी आणि सरकारी तिजोरीतली तंगी अशा दोन्ही बाजूंनी रुग्ण कोंडला जातो.

घरातली तंगी कोणाच्या हातात नसते. तिजोरीतली कात्री मात्र कुठे चालवायची हे कोणीतरी ठरवते. न्यूयॉर्कचा इतिहास याच निर्णयाचा इतिहास आहे.

न्यूयॉर्क: खाटा गेल्या, दवाखानेही गेले

१९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. बँकांनी नवे कर्ज द्यायला नकार दिला. हजारो कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आले. क्षयरोग विभागाला तर त्याआधीपासूनच गळती लागलेली होती.

या गळतीची सुरुवात एका चांगल्या सल्ल्याने झाली होती, आणि त्या सल्ल्याची मुळे आपल्याकडे होती. १९५६ मध्ये मद्रासला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र सुरू केले. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे एक प्रयोग झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधे दिली. वर्षभराने दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. घरच्या माणसांना होणारा धोकाही वाढला नाही. डोंगरावरची हवा, अंडी-दूध आणि महिनोन्‌महिने खाटेवर विश्रांती यांवाचूनही क्षयरोग बरा होतो, फक्त औषधे नियमित घेतली गेली पाहिजेत, हे जगाला मद्रासने शिकवले. गोळ्या नियमित घेणे हेच सर्वांत अवघड असते, म्हणून त्या कोणाच्या तरी नजरेसमोर द्याव्यात, हा विचारही तिथल्या कामातून पुढे आला.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या तज्ज्ञ समितीने याच दिशेने शिफारस केली. रुग्णालयांतल्या क्षयरोगाच्या खाटा बंद करा आणि वाचलेल्या पैशातून वस्त्यांमध्ये दवाखाने चालवा, असा तो सल्ला होता. शिफारशीचा पहिला अर्धा भाग तातडीने अमलात आला. एक हजाराहून अधिक खाटा टप्प्याटप्प्याने बंद झाल्या. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी पैसे कधी आलेच नाहीत. १९७२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरोगासाठी राखून ठेवलेला निधी देणे थांबवले. मग १९७५चे संकट आले. १९६८ मध्ये शहरात क्षयरोगाचे २२ दवाखाने होते. १९८८ पर्यंत ९ उरले.

त्या काळात कोणाला यात धोका दिसला नाही, कारण रुग्णसंख्या दशकानुदशके घटत होती. १९७८ मध्ये शहरात जेमतेम १३०० नवे रुग्ण नोंदले गेले. नाहीशा होत चाललेल्या रोगावर खर्च कशाला, हा प्रश्न विचारणाऱ्याला त्या वेळी कोणी मूर्ख म्हटले नसते.

पण शहर बदलत होते. याच काटकसरीत गरीब वस्त्यांमधली अग्निशमन केंद्रेही बंद झाली. डेबोरा आणि रॉड्रिक वॉलेस या संशोधक दांपत्याने पुढे मांडले, की त्यानंतर साउथ ब्राँक्ससारख्या भागांत इमारती मोठ्या प्रमाणावर जळाल्या, माणसे विस्थापित होऊन आधीच भरलेल्या घरांत शिरली आणि त्या दाटीने रोगांना वाट करून दिली. ऐंशीच्या दशकात बेघरांची संख्या वाढली. जुन्या लष्करी कवायतीच्या सभागृहात शेकडो माणसे रात्री ओळीने झोपू लागली. त्यातच एचआयव्ही आला. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेला माणूस आणि क्षयाने खोकणारा माणूस शेजारी-शेजारी झोपल्यावर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

हार्लेममधील एका रुग्णालयातल्या डॉक्टर कॅरेन ब्रुडनी आणि जे डॉबकिन यांनी १९८८ मध्ये दाखल झालेल्या क्षयरुग्णांचा मागोवा घेतला. घरी सोडल्यानंतर त्यांतील ८९ टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण केले नाहीत. दहांतले जवळजवळ नऊ. अनेकांना जायला घरच नव्हते आणि जवळचा दवाखाना बंद झालेला होता. खोकला थांबला, ताप गेला, की गोळ्या थांबत. याच दोघांनी निकाराग्वाची राजधानी मानाग्वाशीही तुलना केली. युद्धाने पोळलेल्या त्या गरीब देशात क्षयरोगाचा पाठपुरावा न्यूयॉर्कपेक्षा चांगला चालला होता.

अर्धवट औषधांचे परिणाम फक्त त्या रुग्णापुरते राहत नाहीत. फुप्फुसातल्या कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारे काही जंतू जन्मतःच असतात. तीन-चार औषधे एकत्र आणि पुरेसा काळ दिली तर तेही मरतात. मध्येच सोडली तर कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग हेच चिवट जंतू खोकल्यातून दुसऱ्याकडे जातात. त्या दुसऱ्या माणसाने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसते, तरी त्याचा आजार पहिल्या दिवसापासूनच औषधांना दाद देत नाही.

१९९१ मधील पाहणीत न्यूयॉर्कच्या क्षयरुग्णांपैकी ३३ टक्क्यांचे जंतू किमान एका औषधाला दाद देत नव्हते. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारे १९ टक्के होते. त्याच वर्षी राज्यातल्या तुरुंगांत अशा क्षयरोगाने १३ कैदी आणि एक पहारेकरी दगावला. तेव्हा कुठे शहर जागे झाले. १९९२ मध्ये रुग्णसंख्या ३८११ वर पोहोचली. चौदा वर्षांपूर्वीच्या जवळजवळ तिप्पट.

गोळी, सँडविच आणि भुयारी रेल्वेचे तिकीट

१९९२ मध्ये टॉम फ्रीडन या तरुण डॉक्टरकडे शहराच्या क्षयरोग विभागाची सूत्रे आली. पुढे जे झाले त्यात नवे औषध नव्हते. माणसे नेमली गेली. हे कार्यकर्ते रुग्णांच्या घरी, निवाऱ्यांत, पुलांखाली जात आणि समोर गोळ्या घ्यायला लावत. त्यासोबत कधी सँडविच, कधी भुयारी रेल्वेचे टोकन देत. प्रयोगशाळा सुधारल्या, तुरुंगात आणि रुग्णालयांत हवा खेळती ठेवण्याची सोय झाली. विभागाचे वार्षिक अंदाजपत्रक १९८८ मध्ये सुमारे ४० लाख डॉलर होते. १९९४ मध्ये ते ४ कोटींच्या पुढे गेले. १९९४ पर्यंत रुग्णसंख्या ३८११ वरून २९९५ वर आली. दोनच वर्षांत २१ टक्क्यांची घट.

या सगळ्या साथीचा शहराला पडलेला एकूण खर्च १०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज आहे. बंद केलेल्या दवाखान्यांतून जे वाचले असेल, ते या रकमेपुढे किरकोळ ठरते. आणि जे मेले त्यांची किंमत कोणत्याच हिशेबात धरलेली नाही.

फ्रीडन १९९६ मध्ये भारतात आले आणि जागतिक आरोग्य संघटनेतर्फे आपल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाच्या विस्तारात सहा वर्षे होते. आपल्याकडे त्याची गरजही होती. १९९२ च्या आढाव्यात आपल्या जुन्या कार्यक्रमातल्या उणिवा उघड झाल्या होत्या. औषधांचा तुटवडा होता, बेडक्याच्या तपासणीपेक्षा क्ष-किरणांवर जास्त भर होता आणि उपचार पूर्ण करणारे फार थोडे होते. १९९७ पासून डॉट्स मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि २००६ मध्ये ते सर्व देशभर पोहोचले. मद्रासला उगवलेला विचार न्यूयॉर्कला जाऊन, तिथली मोठी किंमत मोजून, पुन्हा घरी आला.

अथेन्स: सुयांची टंचाई

न्यूयॉर्कचे बिल यायला पंधरा वर्षे लागली. ग्रीसचे एका वर्षात आले.

२०१० मध्ये ग्रीस कर्जाच्या सापळ्यात सापडला आणि मदतीच्या बदल्यात त्याला सरकारी खर्च झपाट्याने कमी करावा लागला. सरकारी आरोग्य खर्चाची मर्यादा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के ठरवली गेली. २००९ ते २०११ या काळात सार्वजनिक रुग्णालयांची अंदाजपत्रके सुमारे एक चतुर्थांशाने घटली. बेकारी २०१३ मध्ये २७ टक्क्यांवर गेली. तिथे आरोग्य विमा नोकरीशी जोडलेला असल्याने नोकरीबरोबर अनेकांचे उपचारही गेले.

सर्वांत आधी फटका बसला तो समाजाच्या सर्वांत दुर्लक्षित कोपऱ्याला. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये ग्रीसमध्ये दरवर्षी एचआयव्हीचे दहा-पंधरा नवे रुग्ण आढळत. २०११ मध्ये ही संख्या दोनशेच्या वर गेली आणि २०१२ मध्ये पाचशेच्या आसपास पोहोचली. बहुतेक रुग्ण अथेन्समधले. व्यसनमुक्तीच्या औषधोपचारासाठी प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची होती. नव्या सुया-सिरिंज वाटण्याचे काम संकटाआधीही तुटपुंजे होते आणि वाढत्या गरजेच्या वेळी ते अपुरेच राहिले. एकच सुई अनेकांच्या हातांतून फिरली. रस्त्यावर आलेल्या, बेघर माणसांमध्ये लागण अधिक होती.

अशा लोकांवर खर्च कशाला, असे म्हणणारे सगळीकडे असतात. हिशेबच करायचा तर एक सुई काही पैशांची असते आणि एचआयव्हीचे औषध जन्मभर घ्यावे लागते.

अथेन्सने पुढे जे केले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ऑगस्ट २०१२ ते डिसेंबर २०१३ या काळात ‘अ‍ॅरिस्टॉटल’ नावाची मोहीम चालली. तपासणीला येणाऱ्याला थोडे पैसे दिले जात आणि त्याने ओळखीच्या आणखी काही जणांना आणले तर त्याचेही दिले जात. अशा साखळीतून तीन हजारांहून अधिक माणसे तपासली गेली. लागण झालेल्यांना उपचारांशी, इतरांना सुया आणि व्यसनमुक्तीच्या सेवांशी जोडले गेले. मोहिमेच्या सुरुवातीला दर वर्षी दर शंभरातल्या सुमारे आठ जणांना नवी लागण होत होती. शेवटी ते प्रमाण दोनच्या खाली आले. देश कंगाल असतानाच हे घडले.

याच काळात दक्षिण ग्रीसच्या लॅकोनिया भागात हिवताप परतला. ग्रीसमधून तो १९७४ मध्येच हद्दपार झाला होता. २०११ मध्ये ग्रीसमध्ये स्थानिक लागणीचे सुमारे ४० रुग्ण आढळले, त्यांतील बहुतेक याच शेतीपट्ट्यातले. परदेशांतून आलेले शेतमजूर जिथे दाटीने राहत तिथे घरोघर जाऊन तपासणी, औषधे आणि डासनियंत्रण सुरू झाल्यावर दोन वर्षांत ही संख्या अगदी थोड्यावर आली.

घटसर्प आणि पटकी

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला. त्याच्या घटक देशांत १९९० ते १९९८ या काळात घटसर्पाचे दीड लाखाहून अधिक रुग्ण झाले आणि सुमारे पाच हजार माणसे दगावली. त्या वर्षांत जगातल्या घटसर्पाच्या दर पाच रुग्णांपैकी चारांहून अधिक याच देशांतले होते. लस तर अनेक दशके उपलब्ध होती. पण बारीकसारीक कारणांनी मुलांची लस टाळण्याची सवय डॉक्टरांमध्ये आधीच बळावली होती, प्रौढांची प्रतिकारशक्ती कालांतराने उतरली होती आणि त्यातच पुरवठ्याची व्यवस्था मोडली. माणसे कामाच्या शोधात आणि संघर्षामुळे इकडून तिकडे हलू लागली. अवघ्या काही वर्षांत, डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेला रोग वॉर्डात आला.

क्युबाचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. सोव्हिएत मदत आटल्यावर तिथली अर्थव्यवस्था सुमारे एक तृतीयांशाने आक्रसली. अन्नाच्या टंचाईने पन्नास हजारांवर लोकांना डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसांचा आजार झाला. हाल कमी नव्हते. पण लसीकरण मात्र चालू राहिले आणि स्थानिक गोवराचा शेवटचा रुग्ण तिथे १९९३ मध्ये, म्हणजे ऐन टंचाईत, नोंदला गेला.

झिम्बाब्वेची २००८ ची कथा आणखी सोपी आहे. चलनफुगवटा इतका वाढला की नोटांवरची शून्ये मोजता येईनात. राजधानी हरारेत पाणी शुद्ध करण्याचे रसायन घ्यायला पैसे उरले नाहीत, गटारे तुंबली, नळ कोरडे पडले. डॉक्टर-परिचारिकांचा पगार बसभाड्यालाही पुरेना आणि त्यांनी येणे थांबवले. नोव्हेंबर २००८ मध्ये मोठी सरकारी रुग्णालये जवळजवळ बंद झाली. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या पटकीच्या साथीत वर्षभरात ९८ हजारांवर रुग्ण झाले आणि चार हजारांहून अधिक दगावले. पटकीत मीठ-साखर-पाण्याचे द्रावण आणि सलाइन वेळेवर मिळाले तर शंभरात एकही मृत्यू होऊ नये. तिथे शंभरात चारांहून अधिक झाले.

आपल्याकडची २०२०

आपल्याला याचा अनुभव फार जुना नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मुंबई, पुणे, सुरत इथून लाखो मजूर गावी निघाले. त्यांच्यात क्षयरोगाची औषधे चालू असलेलेही होते. त्यांच्या गोळ्या एका जिल्ह्यात आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती झाली. क्षयरोगाच्या तपासणीची यंत्रे आणि माणसे कोविडच्या कामाला लागली. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती; २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. सहा लाख रुग्ण कमी झाले नव्हते, ते सापडले नव्हते. घरात बसून ते खोकत होते. जगभरात क्षयरोगाचे मृत्यू दशकभरात प्रथमच त्या वर्षी वाढले. २०२२ पर्यंत आपली नोंदणी पुन्हा २४ लाखांच्या वर गेली, कारण आशा कार्यकर्त्या, क्षयरोग विभागाचे कर्मचारी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ पुन्हा घरोघर फिरले.

पोटाचा आणि क्षयाचा संबंध किती थेट आहे, हेही आपल्याच देशात मोजले गेले. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने २०१९ पासून झारखंडमध्ये २८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास केला. रुग्णांना पोषक शिधा दिला गेला. निम्म्या घरांत कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषक घटकांच्या गोळ्या मिळाल्या. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांत नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर थुंकीतून पसरणाऱ्या प्रकाराचे ४८ टक्क्यांनी कमी होते. महागाईत डाळ ताटातून गेली तर काय होते आणि ती परत आणली तर काय होते, याचे इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते.

कात्री कुठे लावू नये

संकटात खर्च कमी करावाच लागतो, हे खरे. फिनलंडमध्ये १९९० ते १९९४ या काळात बेकारी तीन टक्क्यांवरून सोळा टक्क्यांच्या वर गेली. आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका २००८ मध्ये एका आठवड्यात कोसळल्या. तरीही दोन्ही देशांत लोकांचे आरोग्य कोलमडले नाही, कारण बेकारांना आधार आणि आरोग्याच्या मूलभूत सेवा चालू ठेवल्या गेल्या.

ज्या सेवांवर कात्री सर्वांत आधी चालते, त्यांचे एक साम्य आहे. त्या बिनबोभाट चालतात. पाण्यातले क्लोरीन, शाळेतले लसीकरण, डासांच्या अळ्या शोधणारा कर्मचारी, थुंकी तपासणारा तंत्रज्ञ, गोळ्या चुकवणाऱ्याच्या दारात जाणारी आशाताई. यांचे काम नीट झाले की काहीच घडत नाही आणि जिथे काही घडत नाही तिथे पैसे कशाला, असे वाटू लागते. नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात ही पदे रिक्त राहतात तेव्हा त्यावर मोर्चा निघत नाही. मोठे रुग्णालय बंद झाले तर निघतो.

घराच्या पातळीवरही काही गोष्टी हातात आहेत. तंगीच्या दिवसांत तर त्या अधिक महत्त्वाच्या.

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा विनाकारण वजन घटत असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. ही तपासणी आणि क्षयरोगाची औषधे मोफत आहेत.

• बरे वाटू लागले तरी गोळ्या थांबवू नयेत. कामासाठी दुसऱ्या गावी जायचे असेल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगावे. निक्षय प्रणालीतील नोंदीवरून पुढचे उपचार नव्या जिल्ह्यात चालू ठेवता येतात.

• उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. ते आले नाहीत तर विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे. घरात एकाला क्षय असेल तर ताटातली डाळ सर्वांसाठीच टिकवावी.

• मुलांची दीड-दोन वर्षांची आणि पाच-सहा वर्षांची त्रिगुणी लस, तसेच दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस चुकवू नये. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत नेमकी हीच मात्रा राहून जाते.

न्यूयॉर्कमध्ये दवाखाने बंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यासमोर घटत जाणारा आलेख होता आणि रिकामी तिजोरी होती. आज आपल्याकडेही क्षयाचा आलेख खाली चालला आहे. पुढे कधी तिजोरी आटेल तेव्हा हाच आलेख दाखवून कोणीतरी विचारेल, की आता एवढ्या माणसांची गरज काय? त्या माणसांमुळेच तो खाली आला आहे, हे उत्तर तेव्हा तयार असायला हवे.